आबांवर बघितलंस?

कुठलंही पान पूर्ण झालं की अजूनही मी खुर्ची डावीकडे वळवते. आताच्या ऑफिसात डावीकडे काच आहे आणि काचेपलीकडे पार्किंग. अंधेरीला साकीनाक्याजवळच्या जुन्या ऑफिसात, एका औद्योगिक इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, त्या जागी परबांचं कपाट होतं. हिरवं, लोखंडी, एका दाराला पोचा आलेलं. खुर्ची वळली की ते नसल्याचं कळतं आणि मग थोडा वेळ माझ्याच्याने काम होत नाही.

आमचं काम वेबसाइटची पानं बनवण्याचं. पान एकच असतं, पण ते ज्यातून बघायचं तो ब्राउझर प्रत्येकाकडे वेगळा. कुणाच्या फोनमध्ये कालचा, कुणाच्या फोनमध्ये आठ वर्षांपूर्वीचा. एकात जे सरळ दिसतं ते दुसऱ्यात वाकडं होतं, तिसऱ्यात बटण गायब होतं आणि चौथ्यात तर काहीच येत नाही, नुसता पांढरा पडदा. पान सगळीकडे सारखं दिसावं, निदान सगळीकडे वापरता यावं, हे बघणारा माणूस म्हणजे परब. ऑफिसात त्यांच्या हुद्द्याला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. ते त्यांनाही धड सांगता यायचं नाही.

मी बोरिवलीहून यायचे, तेव्हा नव्यानेच लागले होते. पहिल्याच आठवड्यात एक पान केलं आणि मोठ्या तोऱ्यात त्यांना दाखवायला गेले. "सर, झालं."

"सर म्हणू नको, मास्तर झाल्यासारखं वाटतं. परब म्हण." त्यांनी मान वर केली नाही. "मावशींवर बघितलंस?"

"कोण मावशी?"

"सुलभामावशी. आणि शिंदे वॉचमनवर? आबांवर बघितलंस?"

मला वाटलं, माणूस वयाने पन्नाशीचा दिसतो, पण डोकं पार गेलेलं आहे. तेवढ्यात त्यांनी शर्टाच्या खिशातून किल्ली काढली आणि कपाट उघडलं. आत तीन फळ्यांवर ओळीने जुने फोन मांडलेले, खाली चार जुनाट लॅपटॉप. प्रत्येकाच्या पाठीवर पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करने लिहिलेलं नाव. सुलभामावशी खाली कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायच्या. मुलाने नवा फोन दिला तेव्हा जुना परबांनी मागून घेतला होता. शिंदे गेटवर असायचे. डिकॉस्टाबाई परबांच्या मुलुंडच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. आणि आबा म्हणजे परबांचे वडील. कुडाळकडून येऊन गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर कुरिअरच्या गोदामात राहिले आणि शेवटी हा एक फोन मागे ठेवून गेले.

"मॉडेलचा नंबर लक्षात राहत नाही कोणाच्या," परब म्हणाले. "माणूस राहतो."

माझं पान मावशींवर उघडलं तर मेनू अर्ध्यातच कापलेला. आबांवर काहीच नाही. परबांनी तो पांढरा पडदा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "दिसतं तसं नसतं, हे सगळे सांगतात. असतं ते सगळ्यांना दिसत नाही, हे कोण सांगणार?" मला तेव्हा ते वाक्य फार भारी वाटलं होतं. पुढे ते आठवड्यातून दोनदा ऐकायला लागल्यावर तितकं राहिलं नाही.

परबांची एक वही होती. आडव्या रेघांची, लांबट. डावीकडे कपाटातली सगळी नावं, वर पानाचं नाव, आणि प्रत्येक नावापुढे बरोबरची खूण किंवा फुली. खाली सही. नियम एकच: ज्याने पान बनवलं त्याने सही करायची नाही, दुसऱ्याने करायची. "आपल्या पोराला कोण काळा म्हणतो?" असं त्यांचं म्हणणं. सही झाल्याशिवाय पान ऑफिसच्या बाहेर पडायचं नाही. हा नियम मालकाने घातलेला नव्हता, कुठल्या करारातही नव्हता. परबांनी घातला होता आणि बारा वर्षं चालला होता, बस्स.

यातून ऑफिसची एक भाषाच झाली होती. "मावशी तुटतायत." "डिकॉस्टाबाईंवर फोटो लांबट आलेत." एकदा परब फोनवर मोठ्याने कुणाला तरी सांगत होते, "अहो, आबा सकाळपासून पांढरे पडलेत, काही हालचाल नाही," आणि पार्सल घेऊन आलेल्या माणसाने दारातच हेल्मेट काढून हातात घेतलं. आम्ही पोट धरून हसलो. परब हसले नाहीत. ते खरोखरच काळजीत होते.

तपासायची त्यांची तऱ्हाही न्यारी. टेबलाशी बसून ते कधी फोनवर पान बघायचे नाहीत. जिन्यात जायचे, जिथे ऊन यायचं तिथे उभे राहायचे, उजव्या हातात जेवणाच्या डब्याची पिशवी घ्यायचे आणि डाव्या अंगठ्याने पान चालवायचे. "लोक असंच बघतात. टेबलावर दोन कोपर टेकून कोण बघतं?" एखादं बटण सरकलेलं दिसलं की त्याच्याशी थेट मालवणीत बोलायचे. "अरे मेल्या, खंय गेलंस?" बटण सापडलं, जागेवर बसलं, की त्याच बटणाला म्हणायचे, "हां, आता बस हयसर. उठू नको." माणसांशी मात्र ते इतक्या मायेने बोललेले मला फारसे आठवत नाहीत.

घाटकोपरच्या एका साड्यांच्या दुकानाचं काम आलं होतं. शेटजी आपल्या नव्याकोऱ्या फोनवर पान बघून खूश. "एकदम झकास! उद्याच चालू करा." परब म्हणाले, "तुमच्या ड्रायव्हरचा फोन बघू जरा." शेटजींनी ड्रायव्हरला वर बोलावलं. त्याच्या फोनवर साडीचा फोटो आला, पण खरेदीचं बटण बरोब्बर साडीच्या नावावर चढून बसलेलं, दाबायला गेलं तर भलतंच काही उघडत होतं. शेटजी म्हणाले, "अरे भाऊ, असे फोनवाले आपले कस्टमरच नाहीत." परबांनी ड्रायव्हरला विचारलं, "गेल्या दिवाळीत बायकोला साडी घेतलीस?" तो म्हणाला, "घेतली ना, शेटच्याच दुकानातून." शेटजींनी काम आठ दिवस पुढे ढकललं. आमचा मॅनेजर निखिल, माझ्याहून दोनच वर्षांनी मोठा, परतताना गाडीत परबांवर वैतागला. "यार परब, क्लायंटसमोर शहाणपणा कशाला? आठ दिवस गेले ना." परब खिडकीबाहेर बघत बसले होते.

निखिल वाईट नव्हता. त्याच्यापुढे एक आलेख असायचा. कुठल्या ब्राउझरमधून किती लोक आले ते त्यात रंगांनी दिसायचं. जुन्यांची पट्टी इतकी बारीक की दिसायचीच नाही. तो म्हणायचा, "एवढी वर्षं झाली, एक तरी कम्प्लेंट आली का?" परब म्हणायचे, "ज्याला पान दिसत नाही तो तक्रार कुठे करणार? तक्रारीचा फॉर्मही त्याच पानावर ना?" हा वाद पुढे न्यायला परबांकडे वेळ नव्हता, कारण तोवर सुनंदावहिनींचं डायलिसिस सुरू झालं होतं.

वहिनी म्हणजे परबांच्या पत्नी. मी त्यांना एकदाच भेटले, ऑफिसच्या पूजेला आल्या होत्या. ठेंगण्या, हसऱ्या, परबांच्या डब्यातल्या सुकटीचा वास साऱ्या मजल्यावर का पसरतो याबद्दल त्यांनी जाहीर माफी मागितली होती. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली. आठवड्यातून तीन दिवस, चार चार तास यंत्राला जोडून बसायचं. मुलुंडला घराजवळ एका धर्मादाय संस्थेचं केंद्र होतं. तिथे सवलतीच्या खुर्च्या थोड्या आणि माणसं जास्त. परब त्या दिवशी चारलाच निघायचे, जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याची बस पकडायचे, आणि दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांच्या गोष्टी सांगायचे. कोण कुठून येतं, कुणाचा मुलगा सोडायला येतो, कुणाला कोणीच नाही.

आणि नेमकं त्याच केंद्राचं काम आमच्याकडे आलं. तोवर तिथे एक नर्स वहीत नावं लिहायची. आता पुढच्या आठवड्याच्या वेळा दर शनिवारी सकाळी नऊला वेबसाइटवर उघडणार होत्या. जो आधी भरेल त्याला खुर्ची. उरलेल्यांनी लांबच्या इस्पितळात वशिला शोधायचा, नाहीतर अंगात पाणी साठवत थांबायचं.

परब इतके हलले होते की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मी तिथे बसतो. त्यांच्या हातात काय फोन आहेत ते रोज बघतो," ते मीटिंगमध्ये म्हणाले. "निम्मे आबा आहेत तिथे. निम्मे! हे पान आबांवर दिसलं नाही तर आपण माणसं मारू." निखिलने पान बनवायचं काम दोन नव्या मुलांना दिलं. त्यांची पान लिहायची पद्धत अगदी ताजी होती. तिच्यातली एखादी ओळ जुन्या ब्राउझरला कळली नाही, तर तो पुढचं सगळं वाचायचंच सोडतो. परब त्यांच्या मागे उभे राहून रोज दुरुस्त्या सांगायचे. सही मी करायची, असं ठरलं.

ज्या दिवशी पान द्यायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी वहिनींना धाप लागली आणि इस्पितळात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परबांचा मला फोन आला. मागे कुणाला तरी हाका मारल्याचा आवाज. "केतकी, किल्ली ड्रॉवरमध्ये आहे. आबांवर आणि मावशींवर बघ, मगच सही कर. बाकीचे नाही बघितलेस तरी चालतील."

मुलांचं पान तयार व्हायला एक वाजला, तेव्हा मी कपाट उघडलं. गेल्या काही दिवसांत परबांचं लक्ष नव्हतं, त्यामुळे सगळे फोन बंद पडलेले. आबांना चार्जरला लावलं तर तासभर तरी चालू व्हायचं नाव घेत नाहीत, असा त्यांचा लौकिक. दुपारी केंद्रात उद्‌घाटन होतं, संस्थेचे विश्वस्त पडद्यावर बटण दाबणार होते. निखिल दर पाच मिनिटांनी येत होता. "झालं का गं? यार, दोनला निघायचंय." मी कॉम्प्युटरवरच पान बारीक करून बघितलं. तशी सोय असते, पडदा फोनएवढा होतो, वर फोनचं नावही दिसतं. पान छान दिसलं. पण तो पडदा तेवढा लहान असतो, आतला ब्राउझर माझाच, कालचाच. परबांनी हे मला पन्नास वेळा सांगितलं होतं. "काठी हातात घेतली म्हणून कोणी म्हातारा होत नाही." मला ते पाठ होतं. मी चार्जर काढला, वहीत सगळ्या नावांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली सही केली. आबांपुढची खूण करताना पेन किंचित अडलं. दुसरं काही घडलं नाही.

परब पाचव्या दिवशी आले. दाढी वाढलेली. आल्या आल्या कपाट उघडलं, वही काढली, सही बघितली, मग आबांना हातात घेऊन बराच वेळ त्यांचं बटण दाबत राहिले. "आबांवर बघितलंस?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि आबांना चार्जरला लावलं. दुपारी जेवण झाल्यावर ते माझ्या टेबलाशी आले आणि फोन समोर ठेवला. पांढरा पडदा. रागावले असते, मालवणीत चार शिव्या हासडल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. ते निखिलकडे गेले. काचेच्या आत काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण निखिलचे हात दिसत होते. काम झालंय, संस्था खूश आहे, तक्रार नाही, दुरुस्तीला माणसं कुठून आणू.

मग परब जेवणाच्या सुट्टीत एकट्याने ते पान दुरुस्त करायला बसले. डबा डाव्या हाताला, उघडायचा राहिलेला. महिन्याभरात जवळजवळ झालंही. त्याच महिन्यात कंपनीने ठरवलं, ही तपासणी आता एक प्रोग्रॅम आपोआप करेल. परबांची जागा गेली आणि उरलेलं जे काही होतं ते माझ्याकडे आलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला त्यांचं फोल्डर कुठे आहे ते दाखवलं. "दोन दिवसांचं काम आहे. आबांवर बघून साइटवर चढव." मी हो म्हटलं. नव्या जागेवर आल्या आल्या न सांगितलेलं काम कशाला काढायचं, असं मला वाटलं. पुढच्या महिन्यात करू, असं वाटलं. खरं सांगायचं तर ते फोल्डर उघडलं की तो पांढरा पडदा आठवायचा, म्हणून मी ते उघडतच नव्हते. वर्षभरात कंपनी दुसऱ्या कुणी घेतली, जुने पासवर्ड बंद झाले, आम्ही सगळे पांगलो. कपाट भंगारात गेलं. पान मात्र कुणाचंच नसल्यासारखं चालू राहिलं.

सुनंदावहिनी गेल्याचं मला खूप उशिरा कळलं, चार महिन्यांनी, जुन्या ऑफिसातल्या एकीकडून. शनिवारी सकाळीच मी मुलुंडला गेले. दाराला कुलूप. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी, बहुतेक डिकॉस्टाबाईच, दार उघडून सांगितलं, "परब? शनिवारी ते सेंटरवर असतात." मला वाटलं, वहिनी गेल्याचं यांना कळलं नसावं. तरी गेले.

केंद्राच्या बाहेर भिंतीला लागून सिमेंटचा बाक होता. त्यावर परब. बरेच सुकलेले, शर्ट खांद्यावरून उतरत होता. खिशात पेन. भोवती आठ-दहा माणसं, काही उभी, काही पायरीवर टेकलेली, एक जण चाकाच्या खुर्चीत. परबांच्या मांडीवर आडव्या रेघांची लांबट वही होती. ते एकेकाचा फोन घेत, पान उघडत, थांबत, बघत, "नाय" म्हणत, फोन परत देत आणि वहीत नाव लिहीत. शेजारी त्यांचा स्वतःचा, बऱ्यापैकी नवा फोन ठेवलेला. नऊ वाजले की त्यावरून ते या सगळ्यांच्या वेळा भरणार होते.

"केतकी? तू हयसर खंय गो?" ते सरकून बसले. मी वाटेत जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. "वहिनींचं कळलं," एवढंच म्हणाले.

"हां. तिची वेळ कधी चुकली नाही पण," परब म्हणाले. "माझ्या फोनवर दिसायचं ना. पहिल्या शनिवारी बटण दाबलं, तिची खुर्ची मिळाली, आणि मान वर केली तर हे सगळे पांढरे पडदे घेऊन बसलेले. मग येत राहिलो. आता ती नाही, पण शनिवार आहे."

"सगळ्यांचं होतं?"

"नाय. मी एक, आणि वेळा पाच मिनिटांत संपतात. चार होतात, कधी पाच. बाकीच्यांना सांगावं लागतं." त्यांनी चाकाच्या खुर्चीकडे बघितलं नाही, पण मी बघितलं.

"मग आधी त्यांच्या फोनवर उघडून का बघता? दिसत नाही ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"न जाणो," ते वहीत बघत म्हणाले. "कोणी दुरुस्त केलं असेल."

मी त्यांना सगळं सांगितलं. फोल्डर, पासवर्ड, कंपनी. आता माझ्या हातात काही नाही हेही सांगितलं. आणि मग जे तीन वर्षं सांगायचं राहिलं होतं तेही. "परब, मी त्या दिवशी आबांवर बघितलं नव्हतं."

"माहीत आहे गो. मी आलो तेव्हा आबा चालूच होत नव्हते."

"मग मला विचारलंत कशाला?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "वाटलं, तू नाय म्हणशील."

नऊला चार मिनिटं होती. एक बाई पुढे आल्या, हाताला पट्टी बांधलेली, तोंडावर सूज. त्यांनी फोन परबांपुढे धरला. परबांनी तो माझ्याकडे दिला आणि बाईंना म्हणाले, "ही आमच्या ऑफिसातली. हिला ह्यातलं कळतं." बाईंचा चेहरा उजळला. "मग बघा ना ताई, माझ्यावर का येत नाही ते." फोनच्या पाठीला पांढरी चिकटपट्टी होती, तिच्यावर मार्करने लिहिलेलं, 'गंगूबाई'. मी पान उघडलं. गोल फिरलं, थांबलं. मी पुन्हा उघडलं. बाई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

परबांनी पेन उघडलं. "दिसतं?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी नावापुढे फुली मारली आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरली.